गव्हर्नरची सून

बॉस्टनच्या पश्चिमेला वॉल्थम नावाचं गाव आहे. तिथे चार्ल्स नदीच्या काठी माउंट फीक नावाची दफनभूमी आहे. नाव जवळपास चारशे वर्षं जुनं. जानेवारी १६३२ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप काही सोबत्यांना घेऊन नदीच्या कडेने वर चालत गेला आणि वाटेत जे जे दिसेल त्याला नावं देत सुटला. एका टेकडीला त्याने नाव दिलं माउंट फीक. का, तेही रोजनिशीत लिहून ठेवलं: रॉबर्ट फीक म्हणून एक जण आहे, त्याने गव्हर्नरच्या सुनेशी लग्न केलंय, त्याच्यावरून. (विन्थ्रॉप स्वतःचा उल्लेख रोजनिशीतही 'गव्हर्नर' असाच करतो. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांची आठवण येते.)

हे लग्न कधी झालं, हे इतिहासकारांना या टेकडीमुळे कळतं. लग्नाची वेगळी नोंद सापडत नाही. टेकडीला नाव मिळालं, नवऱ्याचं नाव आलं, सासऱ्याचं पद आलं. जिचं लग्न झालं तिचं नाव तेवढं त्या ओळीत नाही.

तिचं नाव एलिझाबेथ. जन्म १६१० मध्ये, इंग्लंडमधल्या सफक परगण्यात, ग्रोटन या गावी. जन्मतः आडनाव फोन्स. मग विन्थ्रॉप, मग फीक, मग हॅलेट. प्युरिटन घराण्यातली मुलगी, तीन लग्नं, दोन साम्राज्यांच्या सीमेवर काढलेलं आयुष्य, आणि त्यातलं तिसरं लग्न कायदेशीर होतं की नव्हतं यावर आजही वंशावळी जुळवणाऱ्यांत एकमत नाही. १९५८ मध्ये आन्या सीटनने तिच्यावर 'द विन्थ्रॉप वुमन' ही कादंबरी लिहिली, ती प्रचंड खपली, आणि तेव्हापासून कादंबरीतली एलिझाबेथ आणि कागदांतली एलिझाबेथ एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की आधी त्यांना वेगळं काढावं लागतं. मला इथे कागदांतली हवी आहे.

जुनी आडनावं शोधण्यासाठी साउंडेक्स नावाची एक पद्धत आहे. तिचं पेटंट १९१८ मधलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या बरंच आधीचं. आडनावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. सतराव्या शतकात स्पेलिंग ही ज्याची त्याची मर्जी असल्यामुळे याचा मोठा उपयोग होतो. फीक, फेके, फीक्स, डच कारकुनाने लिहिलेलं फीआक्स, या सगळ्यांचा कोड एकच निघतो: एफ२००. पण फोन्सचा निघतो एफ५२०, विन्थ्रॉपचा डब्ल्यू५३६ आणि हॅलेटचा एच४३०. रॉबर्ट फीक शंभर स्पेलिंगांतून सापडतो, कारण तो जन्मभर फीकच राहिला. त्याच्या बायकोचे चार तुकडे होतात, आणि ते जोडणारा अल्गोरिदम नाही. डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर दर लग्नाला तिची प्रायमरी की बदलली आणि जुन्या रेकॉर्डकडे बोट दाखवणारं काहीच मागे राहिलं नाही. ते तुकडे हाताने, एकेक कागद वाचून जोडावे लागतात.

नात्यांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. तेव्हाच्या इंग्रजीत 'कझिन' म्हणजे चुलत-मामे-आते भावंड तर होतंच, पण भाचा, पुतणी, कुणीही जवळचं असू शकायचं. 'डॉटर-इन-लॉ' म्हणजे सूनही आणि सावत्र मुलगीही. जावयाला सर्रास 'सन' म्हणायचे. या शब्दांनी कित्येक वंशावळी चुकीच्या वळणावर गेल्या आहेत. आपल्याकडे शब्दांची चणचण नाही, म्हणून एलिझाबेथचं घर मराठीतच मांडलेलं बरं. तिचे वडील थॉमस फोन्स, लंडनच्या ओल्ड बेली भागातले औषधविक्रेते. आई ॲन, जॉन विन्थ्रॉपची बहीण. म्हणजे गव्हर्नर विन्थ्रॉप तिचा मामा. १६२९ मध्ये तिने त्याच मामाच्या दुसऱ्या मुलाशी, हेन्रीशी लग्न केलं, म्हणजे मामा सासरा झाला. हेन्रीचा थोरला भाऊ, धाकटा जॉन विन्थ्रॉप, तिचा मामेभाऊ होताच, आता दीर झाला. १६३१ मध्ये या धाकट्या जॉनने तिच्या सख्ख्या बहिणीशी, मार्थाशी लग्न केलं, म्हणजे तो मेहुणाही झाला. मामेभाऊ, दीर, मेहुणा, तिन्ही एकाच माणसात. हे लक्षात ठेवा, पुढे तिचा जीव वाचवण्यात या माणसाचा हात आहे.

पहिलं लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालं. हेन्री नुकताच बार्बाडोसहून परतला होता. तिथे त्याने तंबाखूची लागवड करून पाहिली होती आणि वडिलांना पाठवलेला तंबाखू इतका वाईट निघाला की विकताना पंचाईत झाली. लंडनमध्ये तो राहिला फोन्स काकांकडे, म्हणजे आपल्या दिवंगत आत्याच्या नवऱ्याकडे. खर्च बेसुमार, मित्रांचा राबता, आणि वर यजमानाच्या मुलीवर प्रेम. आजारी फोन्सने एप्रिल १६२९ मध्ये विन्थ्रॉपला तक्रारीचं पत्र लिहिलं, त्यात तो सांगतो की या दोघांनी प्रकरण इतकं पुढे नेलंय की आता मागे फिरायची सोय नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो वारला. २५ एप्रिलला सेंट सेपल्कर चर्चमध्ये लग्न लागलं. ही तारीख नेमकी मिळते, कारण इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांचं रजिस्टर ठेवावं असा हुकूम १५३८ पासून होता. एलिझाबेथच्या तीन लग्नांपैकी असं रजिस्टर या पहिल्या लग्नालाच लाभलं आहे.

पुढच्या वर्षी विन्थ्रॉप जहाजांचा ताफा घेऊन अमेरिकेला निघाला. एलिझाबेथ गरोदर होती, ती मागे राहिली. हेन्री मुख्य जहाजावर होता, पण आयल ऑफ वाइटला जहाज थांबलेलं असताना तो एक बैल आणि दहा मेंढे आणायला किनाऱ्यावर उतरला, वारा फिरला आणि जहाज त्याला सोडून निघून गेलं. तो मागच्या जहाजाने आला. १ जुलै १६३० ला सेलमला पोचला आणि २ जुलैला नदी पोहून जाताना बुडाला. पलीकडच्या काठावर एक होडी दिसली होती, ती आणायला उतरला होता. विन्थ्रॉपच्या रोजनिशीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे. दोन आठवड्यांनी बायकोला लिहिलेल्या पत्रात मात्र हा कडक माणूस मुलाच्या नावाने हंबरडा फोडतो. मे महिन्यात इंग्लंडमध्ये एलिझाबेथला मुलगी झाली होती, मार्था जोहाना. बाप तिला कधी पाहू शकला नाही.

नोव्हेंबर १६३१ च्या सुरुवातीला 'लायन' जहाजाने एलिझाबेथ बाळाला घेऊन बॉस्टनला आली. सोबत मामी, म्हणजे सासूबाई, दीर आणि बहीण. वय एकवीस.

आता टेकडीकडे परत. रोजनिशीतली ती नोंद २७ जानेवारीची आहे. त्या काळच्या इंग्रजांचं नवं वर्ष १ जानेवारीला नाही, २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि ही रीत १७५२ पर्यंत चालली. त्यामुळे विन्थ्रॉपच्या लेखी ती तारीख २७ जानेवारी १६३१ होती. हे माहीत नसलेला कुणी सरळ १६३१ टाइप करतो आणि मग एलिझाबेथ अमेरिकेत पाऊल ठेवायच्या नऊ महिने आधीच तिथे लग्न करून मोकळी होते. इंटरनेटवरच्या वंशावळींत असे चमत्कार ढिगाने सापडतात. म्हणून अभ्यासक अशा तारखा १६३१/३२ अशा जोडीने लिहितात. गणित सरळ केलं की निघतं ते असं: नोव्हेंबरच्या सुरुवातीला आगमन, जानेवारीच्या शेवटी ती फीकची बायको आहे. तीन महिन्यांच्या आत. नव्या वसाहतीत बायका कमी होत्या आणि तान्ह्या मुलीसह विधवा राहणं कुणालाच परवडणारं नव्हतं. यात घाई होती, सक्ती होती की दोन्ही, हे कागद सांगत नाही.

आणि लग्नाची नोंद का नाही? प्युरिटनांच्या लेखी लग्न हा धार्मिक संस्कार नव्हताच. तो दोन माणसांमधला करार, म्हणून तो लावायचा मॅजिस्ट्रेटने, पाद्र्याने नाही. चर्चचं रजिस्टर त्यामुळे बाद. सरकारी पातळीवर जन्म, लग्न, मृत्यू नोंदवायचा नियम मॅसॅच्युसेट्सने १६३९ मध्ये केला. एलिझाबेथचं दुसरं लग्न बरोबर मधल्या पोकळीत पडतं. पण याच करार मानण्यामुळे एक गोष्ट शक्य झाली जी मायदेशी जवळपास अशक्य होती: करार मोडता येत होता. घटस्फोट.

रॉबर्ट फीक लंडनचा सोनार. वॉटरटाउन गावात त्याला मान होता, सैनिकी तुकडीत लेफ्टनंट होता. तिथली आठ वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण कागदही तसेच ओलांडतात: जमिनीचे तुकडे, मुलांचे जन्म. एलिझाबेथ, हॅना, जॉन. गोष्ट जमिनीवर येते तेव्हा पुन्हा कागद बोलायला लागतात.

१८ जुलै १६४० ला फीक आणि त्याचा साथीदार कॅप्टन डॅनियल पॅट्रिक यांनी आजच्या कनेक्टिकटमधल्या ग्रीनिच गावाची जमीन अमोगेरोन, ओवेनोक आणि इतर मूलनिवासी प्रमुखांकडून विकत घेतली. किंमत पंचवीस कोट, त्यातले अकरा आगाऊ दिलेले. या खरेदीखतात एक वेगळं कलम आहे. समुद्रात घुसलेला जमिनीचा एक चिंचोळा तुकडा, ज्याला मूळ रहिवासी मोनाकेवेगो म्हणत, तो एलिझाबेथ फीकची स्वतःची खरेदी असून तिच्याकडे आणि तिच्या वारसांकडे कायम राहील.

हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचलं. इंग्रजी कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नव्हतं. तिची मिळकत नवऱ्याची, तिचे करार नवऱ्याने करायचे. आणि इथे नवऱ्याच्याच खरेदीखतात तिचं नाव, तिचा तुकडा, तिचे वारस. माझा अंदाज असा की फीकचं डोकं ठिकाणावर राहणार नाही याची चाहूल घरात तोवर लागलेली असावी. तो तुकडा पुढे एलिझाबेथ्स नेक म्हणून ओळखला गेला. आज तिथे ग्रीनिचचं सार्वजनिक समुद्रकिनाऱ्यावरचं उद्यान आहे. 'सार्वजनिक' म्हणायचं, पण कित्येक वर्षं गावाबाहेरच्यांना तिथे प्रवेशच नव्हता. २००१ मध्ये कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली.

पंचवीस कोटांबद्दल आणखी थोडं. १६४४ च्या हिवाळ्यात कॅप्टन जॉन अंडरहिल डचांच्या वतीने सैन्य घेऊन याच ग्रीनिचला उतरला, बर्फातून चालत उत्तरेकडच्या एका मूलनिवासी गावात पोचला आणि रात्रीतून ते जाळलं. मृतांचा आकडा त्या काळच्या वृत्तान्तात पाचशेच्या वर आहे. खरेदीखतावर खुणा करणाऱ्यांचे नातलग त्यांत किती होते, याची नोंद ठेवणारा कारकून कुणी नेमला नव्हता. एलिझाबेथचं नाव निदान चार तुकड्यांत तरी मिळतं. चौदा वर्षांनी हाच अंडरहिल तिच्या मुलीचा, धाकट्या एलिझाबेथचा नवरा झाला.

ग्रीनिच ही जागाच अवघड. पूर्वेला इंग्रजांची न्यू हेवन वसाहत, पश्चिमेला डचांचं न्यू नेदरलँड. दोघांचा तिच्यावर दावा. ९ एप्रिल १६४२ ला पॅट्रिक आणि एलिझाबेथ यांनी डच गव्हर्नर किफ्टपुढे निष्ठेची शपथ घेऊन ग्रीनिच डचांच्या अमलाखाली आणलं. कागदात स्पष्ट लिहिलंय की नवरा आजारी असल्यामुळे त्याच्या अधिकाराने एलिझाबेथ हजर आहे. एक बाई एक आख्खं गाव एका देशातून दुसऱ्या देशात नेण्याच्या कागदावर आहे. (डच लोक तेव्हाच आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर वापरत, त्यामुळे त्या दिवशी बॉस्टनमध्ये ३० मार्च होता. दोन गावांमध्ये अंतर काही दिवसांच्या प्रवासाचं आणि तारखेत फरक दहा दिवसांचा. टाइमझोनच्या कटकटींना वैतागणाऱ्यांनी हे एकदा करून पाहावं.)

फीकचा आजार मनाचा होता. भ्रम वाढत गेला. १६४७ मध्ये तो बायकोमुलं आणि मिळकत मागे टाकून इंग्लंडला निघून गेला. शेतीवाडी सांभाळायला विल्यम हॅलेट नावाचा माणूस होता, एलिझाबेथपेक्षा वयाने लहान. त्यांचे संबंध जुळले, मूल झालं. आणि इथून कागदांचा पूर येतो. वॉटरटाउनमध्ये ती गुपचूप संसार करत होती तेव्हा तिच्याबद्दल लिहावं असं कुणाला वाटलं नाही. आता सगळे लिहू लागले.

काय पणाला लागलं होतं हे कळायला एक फाशी आठवावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये व्यभिचाराला मृत्युदंड होता, आणि तो नुसता कागदावर नव्हता. मार्च १६४४ मध्ये बॉस्टनला मेरी लॅथम नावाच्या अठरा वर्षांच्या विवाहितेला आणि तिच्या प्रियकराला, जेम्स ब्रिटनला, फासावर चढवलं गेलं. एलिझाबेथच्या सासऱ्याने, म्हणजे मामाने, ते रोजनिशीत तपशिलाने लिहिलंय. म्हणजे एलिझाबेथ फीकची बायको आहे की घटस्फोटित, हा प्रश्न वंशावळीपुरता नव्हता.

१६४८ मधली दोन पत्रं पाहा. एक थॉमस लायनचं. मार्था जोहाना, हेन्रीने न पाहिलेली ती मुलगी, हिच्याशी त्याचं लग्न झालं होतं. तो बायकोच्या आजोबांना, विन्थ्रॉपला, सासूबद्दल लिहितो. दुसरं न्यू हेवनचा गव्हर्नर थिओफिलस ईटनचं, धाकट्या विन्थ्रॉपला. (हा ईटन आपल्याला लांबून ओळखीचा निघतो. त्याच्या बायकोच्या पहिल्या लग्नाकडून असलेला नातू एलिहू येल, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला आणि ज्याच्या नावाने विद्यापीठ आहे.) दोघांच्याही पत्रांत नीतीबरोबर मिळकत येतेच: फीकच्या मुलांच्या वाट्याचं काय, गुरं कुणाकडे, जमीन कुणाची. नीतिमत्ता खोटी होती असं मी म्हणत नाही. पण जावयाच्या पत्रात सासूचं चारित्र्य आणि सासूची इस्टेट इतकी शेजारीशेजारी आली की दोन्ही सावधपणे वाचावीत.

आणि मग डच कागद. मार्च १६४९ मध्ये न्यू नेदरलँडचा नवा गव्हर्नर स्टायव्हेसंट आणि त्याच्या परिषदेने हॅलेटला हद्दपार केलं, मिळकत जप्त केली आणि एलिझाबेथला त्याच्यासोबत राहायला मनाई केली. (बॉस्टनमध्ये त्या दिवशी अजून १६४८ सालच चालू होतं.) या हुकमात, जवळजवळ जाता जाता, एक वाक्य आहे: एलिझाबेथ फीक ही व्यभिचाराच्या कारणावरून आपल्या नवऱ्यापासून आधीच्या गव्हर्नरच्या काळात, आमच्या आगमनापूर्वी, कायदेशीररीत्या विभक्त झालेली आहे.

सगळं त्या एका शब्दावर अडतं. विभक्त म्हणजे काय? दुसऱ्या लग्नाला मोकळी, की फक्त वेगळं राहायला मोकळी? इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांत दुसऱ्याच अर्थाची फारकत मिळायची. डच कायद्यात व्यभिचार हे पूर्ण घटस्फोटाचं कारण होतं. मूळ निकाल पाहिला तर एका मिनिटात उत्तर मिळेल. तो निकाल सापडलेला नाही. देणारा किफ्ट ऑगस्ट १६४७ मध्ये 'प्रिन्सेस अमेलिया' जहाजाने मायदेशी निघाला, आणि सप्टेंबरच्या शेवटी वेल्समधल्या स्वान्सीजवळ जहाज फुटून तो बुडाला, सोबतच्या कागदपत्रांसकट.

जे अमेरिकेत राहिलं तेही जेमतेम वाचलं. मार्च १९११ मध्ये ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला आग लागली. डच कागद खालच्या फळ्यांवर ठेवलेले होते, कारण ते फारसं कुणी मागत नसे. वरच्या फळ्यांवरचे इंग्रजी कागद त्यांच्यावर कोसळले आणि जळताना त्यांनी खालच्यांना झाकून ठेवलं. कडा काळ्या पडल्या, मजकूर उरला. १९७४ पासून चार्ल्स गेरिंग आणि त्यांचे सहकारी हे कागद इंग्रजीत आणताहेत. एलिझाबेथसारख्यांचं आयुष्य ज्या कडा-जळक्या पानांवर टिकलंय, ती मागणी नसल्यामुळे वाचली.

हद्दपारीच्या आधीच दोघं पळाले होते, न्यू लंडनला. तिथे कारभार कुणाचा? धाकट्या जॉन विन्थ्रॉपचा. मामेभाऊ, दीर, मेहुणा. त्याची बायको, तिची बहीण मार्था, १६३४ मध्येच गेली होती, पण त्याने नातं सोडलं नाही. त्याने आसरा दिला आणि स्टायव्हेसंटशी पत्रव्यवहार करून वाट काढली. म्हातारा विन्थ्रॉप मार्च १६४९ च्या अखेरीस वारला. कितीतरी वंशावळींत याच वर्षी, न्यू लंडनला, धाकट्या विन्थ्रॉपनेच एलिझाबेथचं हॅलेटशी लग्न लावलं असं ठामपणे लिहिलेलं असतं. असं घडलं असणं शक्य आहे, मॅजिस्ट्रेट म्हणून त्याला तो अधिकारही होता. पण त्या तारखेच्या मागे कागद शोधायला गेलात तर एक वंशावळ दुसरीकडे बोट दाखवते, दुसरी तिसरीकडे, आणि तिसरी पहिलीकडे. कॉपी-पेस्टची संख्या वाढली म्हणून पुरावा वाढत नाही, हे कोड रिव्ह्यू केलेल्या कुणालाही सांगायला नको.

माझं मत विचाराल तर ती स्वतःला हॅलेटची बायको मानत होती आणि ज्यांना तिला फासावर द्यायचं नव्हतं त्या सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं. डिसेंबर १६५२ मध्ये ज्या स्टायव्हेसंटने हॅलेटला हद्दपार केलं होतं, त्यानेच त्याला हेलगेटजवळ मोठी जमीन दिली. ही जागा आज न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या अ‍ॅस्टोरिया भागात हॅलेट्स कोव्ह म्हणून आहे. यानंतर तिची ओळख हॅलेटची बायको अशीच. प्रश्न सुटला नव्हता, विचारायचा थांबला होता. कारण रॉबर्ट फीक जिवंत होता. तो इंग्लंडहून परतला आणि वॉटरटाउनमध्ये गावाच्या पैशावर पोसला जात १६६१ च्या फेब्रुवारीत वारला. वॉटरटाउनच्या दृष्टीने पाहिलं तर तोपर्यंतची बारा वर्षं एलिझाबेथ त्याचीच बायको असू शकत होती. त्या गावाच्या हद्दीत ती परत गेल्याचं दिसत नाही.

१६५५ मध्ये मूलनिवासींच्या हल्ल्यात हेलगेटचं घर जळालं आणि कुटुंब फ्लशिंगला आलं. तिथे हॅलेट शेरीफ झाला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा अडचणीत आला: विल्यम विकेंडेन नावाच्या बाप्टिस्ट उपदेशकाला, जो पेशाने चांभार होता, त्याने आपल्या घरात प्रवचन करू दिलं. शेरीफपद गेलं, दंड झाला, हद्दपारीचा हुकूम निघाला, मग तोही सौम्य झाला. १६५७ मध्ये फ्लशिंगच्या गावकऱ्यांनी क्वेकरांवरच्या बंदीविरुद्ध जो प्रसिद्ध अर्ज केला, तो स्टायव्हेसंटच्या हाती देणारा नवा शेरीफ टोबायस फीक, रॉबर्टचा पुतण्या. आणि एलिझाबेथची मुलगी हॅना, जिचं लग्न ७ मे १६५६ ला जॉन बाउनशी झालं होतं, ती क्वेकर झाली, मग नवराही झाला. घरात क्वेकर सभा भरवल्याबद्दल १६६२ मध्ये त्याला पकडून जहाजावर चढवून देशाबाहेर काढलं. तो थेट ॲमस्टरडॅमला जाऊन डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे उभा राहिला, आणि १६६३ मध्ये कंपनीने स्टायव्हेसंटला कळवलं की लोकांच्या श्रद्धेवर जबरदस्ती करू नये. बाउनचं घर आजही फ्लशिंगमध्ये उभं आहे.

हॅनाबद्दल भरपूर सापडतं. नवरा रोजनिशी ठेवायचा, आणि क्वेकर मंडळी नोंदींच्या बाबतीत काटेकोर, शिवाय त्यांच्यात बाई उपदेश करू शकत होती. हॅना समुद्र ओलांडून इंग्लंड-आयर्लंडमध्ये उपदेश करत फिरली आणि १६७८ च्या सुरुवातीला लंडनमध्ये वारली. तिच्याबद्दल नवऱ्याने दिलेलं निवेदन जपून ठेवलेलं आहे.

एलिझाबेथच्या मृत्यूची तारीख नाही, थडगं नाही. हॅलेट तिच्यानंतर बरीच वर्षं जगला. एका टप्प्यावर कागदांत त्याच्या नावाशेजारी दुसऱ्याच बायकोचं नाव येऊ लागतं, त्यावरून ती गेली असं धरतात.